बाईंना विचारा : कट्टा, शाळा आणि हजेरीपट

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की आठवी-नववीतला मुलगा भाईगिरीकडे ओढला जातोय असं ज्यांना वाटतं त्यांनी मला कळवावं. पत्रं आली ती बहुतेक नवीन नाशिक, सातपूर, पंचवटी आणि नाशिकरोडहून. काही आयांनी पोस्टकार्डावर लिहिलंय, एका वडिलांनी कंपनीच्या चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही. पाच पत्रं घेतली आहेत, थोडी कमी करून आणि ओळख पटेल असं सगळं काढून.

मी सिडकोतल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यातली १९ वर्षं आठवी-नववीची वर्गशिक्षिका होते. खाली जे सांगते त्यातलं बरंचसं त्या वर्गांनीच मला शिकवलं. कायद्याचं जे आहे ते वाचून, तपासून लिहिलंय.

"माझा मुलगा नववीत आहे, वय १४. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट बदलत असते. मी दोन घरी पोळ्या करून दुपारी पॅकिंगच्या कामाला जाते. मुलाची शाळा सकाळची, साडेबारानंतर तो एकटाच असतो. दिवाळीपासून तो एका कट्ट्यावर बसायला लागला. तिथली मुलं वीस-बावीस वर्षांची, एकावर केस आहे म्हणतात. ह्याला 'छोटा' म्हणून हाक मारतात. पायात दोन हजारांचे बूट आले, विचारलं तर 'मित्राने दिले'. पालकसभेत कळलं की महिन्यात ११ दिवस तो शाळेतच नव्हता. मिस्टरांनी पट्ट्याने मारलं, तेव्हापासून बोलणंच बंद केलंय. माझा भाऊ कळवणला शेती करतो. त्याच्याकडे पाठवून देऊ का?" (एक आई, नवीन नाशिक)

ताई, आत्ता कळवणला पाठवू नका. मामाचं घर चांगलंच असेल, पण नववीच्या मध्यावर सुटलेली शाळा परत धरणारी मुलं मी फार थोडी पाहिली. शिवाय फोन त्याच्याबरोबर कळवणला जाईलच, आणि हल्ली अर्धा कट्टा फोनमध्येच असतो. त्याच्या मनात मात्र एवढंच राहील, की घरच्यांनीही आपल्याला बाहेर काढलं.

पट्टा पुन्हा हातात घेऊ नये, हे तुमच्या मिस्टरांना माझ्या वतीनं सांगा. त्यांची तळमळ मला कळते. बारा तास उभं राहून घरी आल्यावर असं काही कानावर पडलं की माणसाचा तोल जातो. पण मार खाल्लेला मुलगा संध्याकाळी जातो कुठे? त्याच कट्ट्यावर. तिथे त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणीतरी बसलेलं असतं.

आता ते ११ दिवस. माझं सगळं लक्ष तिथेच अडकलंय. कोणते ११ दिवस? वर्गशिक्षकांना पालकसभेच्या दिवशी भेटू नका, त्या दिवशी त्यांच्याभोवती तीस-चाळीस पालक असतात. साध्या दिवशी मधल्या सुट्टीत जा, हजेरीपट बघायला मागा, तारखा वहीत उतरवून घ्या आणि शेजारी वर्गाचं वेळापत्रक ठेवा. मी हे पुष्कळ मुलांच्या बाबतीत केलंय. पुष्कळदा गैरहजेरी ठरावीक वारांवर पडते. कधी गणिताच्या चाचणीवर, कधी इंग्रजीच्या तासावर, जिथे उभं राहून मोठ्यानं वाचावं लागतं. मुलगा नववीत पोचलेला असतो आणि त्याला धड वाचता येत नसतं. ही काही एकट्या तुमच्या मुलाची गोष्ट नाही. 'असर' या शिक्षणाच्या अहवालासाठी २०२३मध्ये झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या जवळजवळ पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नव्हता, आणि शहरातल्या माझ्या वर्गांतही अशी मुलं होती. ओठांवर मिसरूड फुटलेला मुलगा उभा राहतो, अडखळतो, मागचे हसतात. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखतं. कट्ट्यावर त्याला कुणी वाचायला सांगत नाही.

एक मुलगा सांगते. आठवीतला, सलग तीन दिवस आला नाही. माझा नियम होता, तिसऱ्या दिवशी शाळा सुटली की मुलाच्या घरी जायचं. गेले तर हा दारातच बसलेला. आधी काही बोलेना. मग कळलं, की गणवेशाची पँट गुडघ्यावर फाटली होती, म्हणून कवायतीच्या वेळी सरांनी त्याला रांगेतून बाहेर काढलं होतं. घरात पगार व्हायला आठ दिवस होते. मी म्हटलं, "पँटचं मी बघते, उद्या ये." तर म्हणाला, "बाई, आणलीय. कट्ट्यावरच्या दादानं दोनशे रुपये दिले." शाळेनं ज्या कारणासाठी त्याला रांगेतून काढलं ते कारण त्या दादानं दोनशे रुपयांत मिटवलं होतं, आणि माझ्या आधी दोन दिवस. त्या संध्याकाळी घरी जाताना मी बस सोडून चालत गेले, इतकी माझी मलाच चीड आली होती.

म्हणून तुमच्या मुलाच्या बुटांवरून चोरीचा आरोप करू नका. ते बहुधा खरंच दिलेले असतील. विचारायचं आहे ते असं: "त्यांनी तुला कधी काही आणायला सांगितलं का? कुठे उभं राहून बघायला? काही ठेवायला?" ही तिन्ही कामं याच क्रमानं येतात. आधी टपरीवरून पुडी आणायची, मग गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, मग काहीतरी घरात ठेवायचं. तो 'हो' म्हणाला तर ओरडू नका, रडूही नका. त्यानं सांगितलं हीच तेव्हा मोठी गोष्ट असते. पुढे काय करायचं ते आजच्या शेवटच्या पत्राच्या उत्तरात आहे, ते तुम्हीही वाचा. कट्ट्यावर जाऊन त्या मुलांशी भांडायला मात्र तुम्ही दोघंही जाऊ नका.

राहिली साडेबारा ते रात्रीपर्यंतची वेळ. 'अभ्यास कर' म्हणून ती भरत नाही. जिथे मोठं माणूस हजर असतं, त्याला नावानं ओळखतं आणि त्याच्याकडून काही काम करून घेतं, अशी जागा हवी. तालीम चालेल, कबड्डीचा संघ चालेल, ढोलपथक चालेल. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात, त्या आधीचे दिवस कधी बघितलेत का? वर्षभर बुजवलेला हौद मोकळा करायचा, रंग तयार करायचा, पूजेची तयारी. तुमच्या मुलाच्याच वयाची पोरं रात्री उशिरापर्यंत तिथे राबत असतात, आणि मोठ्यांनी एकदा सांगितलेलं ऐकतात. मंडळ निवडताना फलकावर कुणाचा फोटो आहे आणि वाढदिवसाचा केक कशानं कापतात, तेवढं आधी बघून घ्या. तलवारीनं कापत असतील तर ते घर आपलं नाही.

आणि वर्गशिक्षकांकडून एक शब्द घ्या. पहिल्या तासाला तो दिसला नाही, तर त्याच दिवशी तुम्हाला फोनवर दोन शब्दांचा निरोप. महिन्यानं पालकसभेत कळून काय उपयोग?

"मी सातपूर भागातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. शाळा सुटताना फाटकाबाहेर टोळकी उभी असतात. दरवर्षी आम्ही पोलीस अधिकाऱ्यांचं व्याख्यान ठेवतो. यंदा नववीतली वीस-बावीस वाह्यात मुलं निवडून त्यांना नाशिकरोडचा मध्यवर्ती तुरुंग आतून दाखवून आणावा असा विचार आहे. प्रत्यक्ष पाहिलं की धाक बसेल. आपलं मत कळवावं." (एक मुख्याध्यापक)

सर, तुम्ही निदान काही करायला निघालात याबद्दल मला आदर आहे. पण ही सहल काढू नका.

हा प्रयोग अमेरिकेत १९७०च्या दशकात झाला आहे. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी पोरांना समोर बसवून तुरुंगातल्या गोष्टी अंगावर ओरडून सांगत. लोकांना तो फार आवडला आणि देशभर पसरला. पुढे अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले, एक तुरुंग बघून आलेला, एक न गेलेला, आणि नंतर दोघांची नोंद ठेवली. असे बरेच अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं, की तुरुंग बघून आलेल्या मुलांच्या हातून पुढे जास्त गुन्हे झाले. धाक बसला नाहीच, उलट अपाय झाला.

मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही. आमच्या शाळेत एके वर्षी नापास आणि मस्तीखोर मुलांची वेगळी 'ड' तुकडी केली होती. जूनमध्ये ती मुलं एकमेकांना धड ओळखत नव्हती. दिवाळीपर्यंत त्यांनी आपल्या टोळीला नाव ठेवलं होतं आणि ते बाकांवर करकटकानं कोरलं होतं. ते नाव आम्हीच त्यांना दिलं, असं मला अजून वाटतं. तुम्ही २२ मुलं निवडून एका गाडीत बसवाल, तेव्हा त्या यादीत आपलं नाव आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. उरलेल्या शाळेलाही कळेल. आणि आतला जुना कैदी त्या पोरांना भयंकर वाटेलच असं नाही. काहींना तो मोठा माणूस वाटेल.

व्याख्यानाबद्दलही सांगते. अमेरिकेतच, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात १९९१मध्ये पोलिसांनी शाळेत येऊन टोळ्यांविषयी शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पहिल्या मोठ्या तपासणीत काय दिसलं? मुलांची मतं थोडी सुधारली, पण टोळीत जाणाऱ्यांची संख्या काही कमी झाली नाही. एवढ्यावर त्यांनी उपक्रम गुंडाळला नाही, पाठ नव्यानं लिहिले. सांगणं कमी केलं, करून घेणं वाढवलं. राग कसा आवरायचा, मित्राला न दुखावता नकार कसा द्यायचा, दबाव आला की काय बोलायचं, हे वर्गात पुन्हा पुन्हा करून बघायचं, असे १३ पाठ. सात शहरांतल्या शाळांमध्ये ते तपासले, तेव्हा वर्षभरानंतर टोळीत जाण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी आणि चार वर्षांनंतर २४ टक्क्यांनी कमी दिसली. शिकवणारे तेव्हाही पोलीसच होते. बदलला होता तो तास.

आपल्याकडे वेगळा तास मागायलाही नको. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' हा विषय आहे, आणि त्या तासाला बहुतेक ठिकाणी गणिताचा राहिलेला भाग घेतात. तो तास सोडवून घ्या. मी काय करायचे ते सांगते. फळ्यावर एक वाक्य लिहायचे: "ही पिशवी जरा तुझ्या दप्तरात ठेव, संध्याकाळी घेतो." मग प्रत्येकानं असं उत्तर शोधायचं, की नकारही जाईल, समोरचा चिडणारही नाही आणि आपली मानही खाली जाणार नाही. पहिल्या दिवशी सगळे हसत बसले. कुणी म्हणालं, "सरळ नाही म्हणायचं." मी म्हटलं, "म्हणून दाखव." दादा झालेल्या मुलानं नुसती भुवई वर केली आणि ह्याची बोलती बंद. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, "आमच्या बाई दप्तर तपासतात रे."

सगळा वर्ग गप्प झाला, कारण ते उत्तर खरोखर चालण्यासारखं होतं. यात कुणाचा अपमान नाही, दोष सगळा बाईंवर. त्या आठवड्यापासून मी दर सोमवारी सगळ्यांची दप्तरं तपासायला लागले, निवृत्त होईपर्यंत. मुलांना ते वाक्य बोलता यावं, तर ते खरंही असायला हवं होतं.

पोलिसांना जरूर बोलवा, पण मंचावर हार घालून नको. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तोच माणूस महिन्या-दोन महिन्यांनी साध्या कपड्यांत वर्गात यावा, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. वेळ आली तर मुलाला कुणाकडे जायचं तो चेहरा ओळखीचा हवा.

आणि सर, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्या टोळक्यात तुमचे माजी विद्यार्थी किती आहेत, एकदा मोजा. त्यांची नावं काढा, ते शाळेतून कधी आणि कसे गेले ते जुन्या हजेरीपटात बघा. मी एकदा बसून हे केलं होतं. एकूण एक मुलाच्या नावापुढे, गळण्याच्या आधीच्या वर्षी, गैरहजेरीची लांबच लांब लाल रेघ होती. त्या रेघेच्या काळात शाळेतून त्याच्या घरी कुणीही गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवसाचा नियम तुमच्या शाळेत लागू करायला कुणाची परवानगी लागत नाही. पन्नास मुलांचा वर्ग असला तरी आठवड्यात दोन-तीन घरांपेक्षा जास्त होत नाहीत. शिक्षकांवर आधीच कामं लादलेली आहेत, हे मला माहीत आहे. त्यातलं एखादं काढून घ्या आणि हे द्या.

"नाशिक पोलिसांच्या मोहिमेतले 'कायद्याचा बालेकिल्ला'चे व्हिडिओ, म्हणजे पकडलेले गुंड हात जोडून तशी घोषणा देतात ते, आठवीच्या वर्गात प्रोजेक्टरवर दाखवावेत का? मुलं ते फोनवर बघतातच." (एक शिक्षिका, नाशिकरोड)

दाखवू नये. २०२५च्या ऑक्टोबरात ते व्हिडिओ आले तेव्हा गल्लीगल्लीतल्या माणसांना बरं वाटलं, कारण गाड्यांची तोडफोड आणि रात्रीची दहशत त्यांनी सोसली होती. पण वर्गात बसलेल्यांपैकी कुणाचा तरी थोरला भाऊ किंवा चुलता त्या चित्रात असू शकतो, आणि दिवे बंद करून सगळा वर्ग हसत असताना तो मुलगा कुठे बघेल? त्यापेक्षा मुलांना विचारा, की त्यांनी काय पाहिलं आणि ते बघताना त्यांना काय वाटलं. मग ऐका. कोयता हातात घेऊन रील करणारा आणि हात जोडून घोषणा देणारा, दोघंही मुलांना सारख्याच पडद्यावर भेटतात. मधल्या काळात त्या माणसाच्या आईनं कोर्टाच्या पायऱ्या किती झिजवल्या, ते कुठल्याच रीलमध्ये नसतं. ते कुणाला माहीत असेल तर वर्गात त्यालाच बोलू द्या, त्याची इच्छा असेल तर.

"मी पॉवर प्रेसवर कामाला आहे. मुलगा नववीत, १५ वर्षांचा. शाळेबाहेरच्या मारामारीत त्याचं नाव आलं. बाल न्याय मंडळासमोर नेलं, तीन आठवडे उंटवाडीच्या निरीक्षणगृहात होता, आता जामिनावर घरी आहे. शाळेत घेऊन गेलो तर म्हणाले, बाकी पालकांची तक्रार आहे, दाखला घेऊन जा. तो आता दिवसभर पांघरूण घेऊन पडून असतो. काय करू?" (एक वडील, सातपूर)

भाऊ, दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. शाळा तुम्हालाच अर्ज लिहायला सांगेल, म्हणजे कागदावर तुम्ही स्वतःहून मुलाला काढलं असं दिसेल. 'विचार करून सांगतो' म्हणा आणि निघून या.

तो आठवीपर्यंतच्या वर्गात असता तर शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला त्याला काढताच आलं नसतं. नववीला ते कलम लागू नाही. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ तुमच्या बाजूला आहे. या कायद्याच्या तत्त्वांमध्येच नव्यानं सुरुवात करू देण्याचं तत्त्व लिहिलेलं आहे. कलम २४ सांगतं, की या कायद्याखाली सोळाच्या आतल्या ज्या बालकाचं प्रकरण हाताळलं गेलं त्याला दोषी ठरण्यापायी येणारी कुठलीही अपात्रता चिकटणार नाही. कलम ७४ त्याचं नाव, शाळा, ओळख जाहीर करायला मनाई करतं. इतर पालकांच्या गटावर त्याचं नाव फिरत असेल तर तेही मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

साध्या मराठीत एक अर्ज लिहा: माझा मुलगा शाळेत येऊ इच्छितो, त्याला वर्गात बसू द्यावं. पोच घ्या. एक प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, एक जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. पुढच्या तारखेला बाल न्याय मंडळासमोर हे तोंडानं सांगा. मंडळावर न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्तेही असतात, आणि मुलाची शाळा चालू आहे की नाही याला तिथे महत्त्व असतं. मंडळासाठी मुलाची माहिती घेणारे परिविक्षा अधिकारी भेटतील त्यांनाही सांगा.

हे लिहिताना मला एक दाखला आठवतो. नववीतलाच मुलगा, मारामारीचंच प्रकरण. मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून मी त्याच्या आईला बोलावलं, अर्ज मीच लिहिला आणि तिनं खाली अंगठा उठवला. काय लिहिलंय ते तिनं विचारलंसुद्धा नाही, माझ्यावर तिचा विश्वास होता. दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. तिथे आम्ही सरसकट 'चांगली' लिहायचो. त्याच्या दाखल्यावर मी 'समाधानकारक' लिहिलं. मला वाटलं, मी सौम्य शब्द वापरला. तो दाखला घेऊन त्याची आई दोन शाळांत गेली, दोन्हीकडे तो शब्द वाचला गेला आणि जागा नाही असं सांगितलं गेलं. त्यानंतर तो कुठल्याच शाळेत गेला नाही. पुढे काही वर्षांनी त्याचं नाव मी वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा त्याला अठरा पूर्ण झालेली होती, म्हणून नाव छापलं होतं. वर्गशिक्षक म्हणून त्या दाखल्यावर सही माझी आहे.

तेव्हा, कुणी कितीही गोड बोललं तरी तुमच्या मुलाचा दाखला हातात घेऊ नका. सगळे दरवाजे खरोखर बंद झाले तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, आणि दहावी नापास मुलालाही आयटीआयच्या काही ट्रेडना प्रवेश मिळतो. पण हे शेवटी. बाहेरून परीक्षा म्हणजे पुन्हा सगळा दिवस मोकळा, आणि त्याला सध्या घंटा वाजणारी जागा हवी आहे.

तो पडून राहतो त्याबद्दल: तीन आठवडे तिथे काय झालं, ते लगेच खोदून विचारू नका. सुट्टीच्या दिवशी त्याला बरोबर घेऊन कुठेतरी जा. भाजी आणायला, सायकल दुरुस्त करायला, कुठेही. शेजारच्यांना तो तुमच्याबरोबर चालताना दिसू द्या. महिनाभरानंतरही झोप-जेवण ताळ्यावर आलं नाही, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा.

"मी दहावीत आहे, पंचवटीत राहतो. आमच्या इथला एक दादा मला शाळेतून येताना एक पिशवी देतो. रात्री दुसरा एक जण येऊन ती घेऊन जातो. मी उघडून बघितली नाही, जड असते. पन्नास-शंभर रुपये देतात. ते म्हणतात तू अठराच्या आत आहेस, पकडलं तरी तुला काही होत नाही. फेब्रुवारीत मला सोळा पूर्ण होतील. मला आता हे नको आहे. नाही म्हटलं तर मारतील. घरी सांगू शकत नाही. वाचनालयात तुमचं सदर वाचतो." (नाव नाही)

बाळा, तुझ्या पत्रावर पत्ता नव्हता म्हणून इथे लिहिते आहे. वाचनालयात हे वाचशील तेव्हा शेजारी कुणी डोकावत असेल तर पान उलट आणि नंतर परत ये.

तुला सांगितलंय त्यातलं थोडं खरं आहे आणि बाकीचं तुला फसवण्यासाठी आहे. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, हे खरं. पण 'काही होत नाही' हे खोटं. आणि सोळा पूर्ण झाल्यावर, ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे असा काही गुन्हा घडला, तर तुला मोठ्यासारखं कोर्टात उभं करायचं का याचा विचार मंडळ करू शकतं. फेब्रुवारी फार लांब नाही.

त्या दादानं तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. त्याच कायद्याच्या कलम ८३नुसार लहान मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. पिशवी तो तुझ्या हातात देतो, कारण त्याला स्वतःच्या हातात ती नको आहे.

आज एकाच मोठ्या माणसाला सांग. सगळ्यांना सांगायची गरज नाही. आईबाबा नको वाटत असतील तर मावशी, आत्या, वर्गशिक्षक, क्लासचे सर, जो माणूस ऐकताना ओरडत नाही असा कुणीही. कुणीच सुचलं नाही तर १०९८ या नंबरला फोन कर. तो मुलांसाठीच आहे, रात्रीही चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मुलगा स्वतः फोन करू शकतो. कुणी मारायला अंगावर आलं तर ११२. तुझ्यासारख्या मुलाला संरक्षण देण्यासाठी बाल कल्याण समिती असते, आणि पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. तिथे एकटा जाऊ नकोस, त्या मोठ्या माणसाला बरोबर घे.

आत्ता एखादी पिशवी घरात असेल तर ती उघडू नकोस, गोदावरीत टाकू नकोस आणि परत द्यायलाही एकटा जाऊ नकोस. मोठ्या माणसाला ती कुठे आहे ते दाखव. आधी ठेवलेल्या पिशव्यांची भीती वाटत असेल, तर तीही त्याच माणसाला सांगून टाक. किती वेळा, कुठे, कोण द्यायचं, आठवेल तेवढं. तू आपणहून सांगितलंस हे पुढे तुझ्याच बाजूनं बोलेल. पैसे मात्र आजपासून घेऊ नकोस.

हे सगळं होईपर्यंत दोन-तीन दिवस निभावून न्यायचे आहेत. वर मी एका मुलाचं उत्तर लिहिलंय, "आमच्या बाई दप्तर तपासतात." ते तू घे. नाहीतर म्हण, "गावाहून मामा राहायला आलाय, एकाच खोलीत झोपतो, लपवायला जागा नाही." चेहरा रडवेला करू नकोस, कंटाळल्यासारखं म्हण. आरशासमोर चार वेळा म्हणून बघ, मग तोंडात बसतं. शाळेतून येताना रस्ता बदल आणि दोन मित्रांबरोबर ये. त्यांना कारण सांगायची गरज नाही.

तू भित्रा नाहीस. जी गोष्ट मोठी माणसं लिहायला धजत नाहीत ती तू पानभर लिहून, तिकीट लावून पाठवलीस.

पुन्हा लिहिलंस तर नाव नको. शाळा सकाळची आहे की दुपारची एवढं कळव, म्हणजे कोणत्या वेळेला तुला कुठे जाता येईल ते मला सांगता येईल.